जिच्याभोवती कुणी नव्हतं

1845 च्या नोव्हेंबरात हान्स ख्रिस्तियन अँडरसन ग्रॉस्टेनच्या राजवाड्यात पाहुणा म्हणून राहिला होता. तिथं त्याला एका प्रकाशकाचं पत्र आलं. हा प्रकाशक लोकांसाठी पंचांग काढायचा. पत्रासोबत तीन चित्रं होती आणि मागणी साधी होती: यांतलं कुठलंही एक निवडा आणि त्यावर गोष्ट लिहून पाठवा. अँडरसननं योहान थॉमस लुंडबी या डॅनिश चित्रकाराचं चित्र निवडलं. हातात आगकाड्यांची जुडी धरलेली एक गरीब मुलगी. ते निवडायला त्याला फार विचार करावा लागला नसेल. त्याच्या आईला लहानपणी भीक मागायला घराबाहेर धाडत. कुणापुढे हात पसरायचा धीर होईना म्हणून ती दिवसभर एका पुलाखाली रडत बसली होती, हे त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

गोष्ट त्याच डिसेंबरात छापून आली. मराठी वाचकाला ती लहानपणच्या पुस्तकांतून ठाऊक असते, तरी एकदा नीट आठवूया. वर्षाची शेवटची संध्याकाळ. बर्फ पडतंय. मुलीच्या डोक्यावर काही नाही, पायांत काही नाही. घरून निघताना आईच्या मोठ्या सपाता होत्या. पण दोन घोडागाड्या भरधाव आल्या म्हणून रस्ता धावत ओलांडताना त्या निसटल्या. एक सापडलीच नाही, दुसरी एक पोरगा पळवून घेऊन गेला. दिवसभरात एक काडी खपलेली नाही. घरी गेलं तर बाप मारणार, आणि घरातही थंडी तीच. दोन घरांच्या बेचक्यात ती अंग चोरून बसते आणि बोटांना ऊब मिळावी म्हणून भिंतीवर काडी ओढते. पहिल्या काडीत लोखंडी शेगडी दिसते, दुसरीत भाजलेल्या हंसाचं ताट, तिसरीत ख्रिसमसचं झाड, चौथीत मेलेली आजी. आजी विझू नये म्हणून ती अख्खी जुडी पेटवते. सकाळी लोकांना तिचं गोठलेलं शरीर सापडतं. बिचारीला ऊब हवी होती, असं ते म्हणतात. तिनं काय काय पाहिलं, ते कुणालाच कळत नाही.

या गोष्टीत माणसं किती आहेत ते मोजून पाहा. गाडीवाले, सपात पळवणारा पोरगा, काडी न घेता पुढे जाणारे पांथस्थ, घरी बसलेला बाप, सकाळी जमलेले बघे. सगळे आहेत, पण ती मरते तेव्हा तिच्याजवळ कुणी नाही. जे जमतात ते उशिरा जमतात. 2007 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड लँगनं या गोष्टीवर वृंदरचना लिहिली, तेव्हा त्यानं नेमका हाच रिकामा कोपरा भरला. ‘द लिटिल मॅच गर्ल पॅशन’ हे तिचं नाव. गोष्टीवरून वृंदगान कसं घडतं हे समजून घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

लँगचा जन्म 1957 चा, लॉस एंजेलिसचा. 1987 साली त्यानं मायकेल गॉर्डन आणि ज्यूलिया वुल्फ यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये ‘बँग ऑन अ कॅन’ ही नव्या संगीताची संस्था सुरू केली. पॉल हिलियर या गायक-संचालकाच्या ‘थिएटर ऑफ व्हॉइसेस’ या छोट्या गायकवृंदासाठी त्याला कार्नेगी हॉलकडून कामगिरी मिळाली. हाताशी चार गायक होते: सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बास. वाद्यवृंद नव्हता.

गोष्ट आणि वृंद यांचं तसं जमत नाही. गोष्ट एकाच्या तोंडून ऐकायची सवय आपल्याला असते, आणि वृंद म्हणजे अनेक तोंडं. गायला लागलं की शब्द लांबतो. बोलताना जे वाक्य दोन श्वासांत संपतं त्याला गाताना पाऊण मिनिट लागतं. चार आवाज वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे शब्द उच्चारू लागले की श्रोत्याच्या हाती फक्त नाद उरतो आणि ‘पुढे काय झालं?’ हा गोष्टीचा प्राण गुदमरतो. प्रार्थना, स्तुती, विलाप, जमावाचा आरडाओरडा ही वृंदाची हक्काची जागा. तिथे एकच भाव अनेकांच्या गळ्यातून येणं साहजिक असतं. ‘मग ती उठली, रस्ता ओलांडू लागली, तेवढ्यात गाडी आली’ हे वीस जणांनी एका सुरात सांगणं साहजिक नसतं. म्हणून गोष्टीला हात घालणाऱ्या बहुतेक संगीतकारांनी एक निवेदक उभा केला, कथानक त्याच्याकडे सोपवलं आणि वृंदाला गर्दीचं काम दिलं.

या युक्तीचा सगळ्यात मोठा आविष्कार बाखचा आहे. ‘पॅशन’ हा येशूच्या अखेरच्या दिवसांचा आणि मृत्यूचा वृत्तांत संगीतात सांगण्याचा जुना प्रकार. गुड फ्रायडेला तो चर्चमध्ये गायला जाई. बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ 1727 साली लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये पहिल्यांदा झालं. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, पावणेतीन तासांच्या आसपास वेळ. मजकूर दोन ठिकाणांहून आलेला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे सव्विसावा आणि सत्ताविसावा हे अध्याय शब्दशः. आणि अधूनमधून पिकांडर या टोपणनावानं लिहिणाऱ्या, टपालखात्यात नोकरी करणाऱ्या लाइपझिगच्या कवीची नवी पदं. त्यात भर म्हणून लोकांच्या तोंडी बसलेली चर्चमधली भजनं, म्हणजे कोराल.

ज्यांनी हरदासी कीर्तन ऐकलं आहे त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल. उत्तररंगात आख्यान चालू असतं, बुवा मध्येच थांबतात, प्रसंगाला साजेसं पद घेतात, मागचे साथीदार ते उचलतात, आणि ठरावीक जागी सगळी सभा गजरात सामील होते. बाखकडे शुभवर्तमान सांगणारा टेनर म्हणजे बुवा. पिकांडरची पदं म्हणजे प्रसंगावरचं चिंतन. आणि कोरालच्या चाली समोरच्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला पाठ. त्यातली एक चाल बाख या कृतीत पाच वेळा आणतो. ती मुळात हान्स लिओ हास्लरच्या 1601 सालच्या प्रेमगीताची होती.

एक जागा जरा जवळून पाहू. शेवटच्या भोजनाला येशू म्हणतो, तुमच्यातला एक जण मला धरून देणार आहे. शिष्य घाबरून विचारू लागतात, तो मी तर नाही ना? बाखचा वृंद हा प्रश्न अकरा वेळा विचारतो. शिष्य बारा होते. बाराव्याला, यहूदाला, उत्तर ठाऊक आहे, म्हणून तो इथे विचारत नाही. यानंतर बायबलप्रमाणे येशूचं उत्तर यायला हवं. पण बाख गोष्ट तिथेच अडवतो. वृंद कोरालच्या चालीत, आज इथं गाणाऱ्या माणसांच्या वतीनं, कबूल करतो की तो मीच आहे, शिक्षा मला व्हायला हवी होती. क्षणापूर्वी जे गळे गोष्टीतले शिष्य होते तेच आता लाइपझिगचे नागरिक झाले. प्रश्न पहिल्या शतकातला, उत्तर अठराव्या शतकातलं, आणि मधे श्वास घ्यायलाही उसंत नाही. पुढे हाच वृंद येशूऐवजी बरब्बा या कैद्याला सोडा म्हणून किंचाळणारा जमावही होतो. दोषी कोण, साक्षीदार कोण आणि रडणारा कोण, या तिन्ही जागा तो फिरत फिरत घेतो.

येशूची कथा गाऊन सांगण्याची परंपरा आपल्या मुलखातही जुनी आहे. फादर स्टीफन्सचं मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापलं गेलं, म्हणजे बाखच्या पॅशनच्या शंभरहून अधिक वर्षं आधी. आणि गोव्यातल्या चर्चांत उपासकाळात व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि बासच्या साथीनं कोंकणी मोतेत, म्हणजे भक्तिगीतं, गायले जात आले आहेत. गोव्याच्या वाचकाला पॅशन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

लँग ज्यू घरातला. पाश्चात्त्य वृंदगानाचं जवळजवळ सगळं भांडार ख्रिस्ती आहे. त्यावर जीव तर जडलेला, पण त्यातली श्रद्धा आपली नाही. हा पेच त्यानं स्वतःच सांगितला आहे. बाखच्या पॅशनमधली त्याला भिडलेली गोष्ट ईश्वरशास्त्र नव्हती. एका माणसाच्या यातना सांगितल्या जात असताना बाकीची माणसं कशी वागतात, हे तिथं संगीतातच लिहून ठेवलं आहे, हे त्याला भिडलं. म्हणून त्यानं सांगाडा घेतला आणि केंद्रातली व्यक्ती बदलली. येशूच्या जागी आगकाड्या विकणारी मुलगी आली. बाखचा एकही सूर घेतला नाही. घेतले ते शब्द, तेही आपल्या भाषेत घडवून.

मजकुराचं श्रेय त्यानं चौघांना दिलं आहे: अँडरसन, एच. पी. पॉली, पिकांडर आणि संत मत्तय. पॉली हा अँडरसनच्या गोष्टीचा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवादक. म्हणजे डॅनिश परीकथेचा जुना अनुवाद, जर्मन कवीची पदं आणि शुभवर्तमान, तिन्ही ताणे एका मागावर.

रचना पंधरा भागांची आहे आणि विणकाम अगदी सरळ आहे. सम क्रमांकाचे सात भाग गोष्ट पुढे नेतात. विषम क्रमांकाच्या आठ भागांत गोष्ट थांबते आणि वृंद तिच्याकडे पाहून काहीतरी म्हणतो: हाक मारतो, पश्चात्ताप करतो, दयेची याचना करतो, रडतो. लँगची खरी प्रतिभा मला चालींपेक्षाही या जोडणीत दिसते. कुठल्या प्रसंगानंतर बाखच्या पॅशनमधली कुठली जागा ठेवायची, हे त्यानं इतक्या नेमकेपणानं ठरवलं आहे की नुसता भागांचा क्रम वाचला तरी अंगावर काटा येतो.

चौथ्या भागात मुलगी जुन्या एप्रनमध्ये काड्या घेऊन थंडीत कुडकुडत चालली आहे. दिवसभर कुणी काही घेतलं नाही, कुणी छदामही दिला नाही. हे वाक्य संपलं की पाचवा भाग सुरू होतो आणि तो पश्चात्तापाचा आहे. बाखकडे हे पद एका अल्टोनं गायलेलं वैयक्तिक चिंतन आहे. इथे ते लगोलग आल्यामुळे ज्यांनी छदाम दिला नाही त्यांच्याच मनातलं वाटू लागतं. अँडरसननं त्या पांथस्थांना तोंड दिलं नव्हतं. लँगनं त्यांच्या तोंडी बाखची माफी घातली.

सहाव्या भागात प्रत्येक खिडकीतून उजेड येतोय, हंस भाजल्याचा वास दरवळतोय आणि ती दोन घरांच्या मधल्या कोपऱ्यात दबून बसली आहे, कारण घरी मार आहे. यापुढचा सातवा भाग धीर धर, सोस असं सांगणारा. बाखच्या पॅशनमध्ये हे पद खोटे साक्षीदार बोलत असताना आणि येशू गप्प उभा असताना येतं.

आठव्या भागात ती पहिली काडी ओढते. शेगडी दिसते, काडी विझते, हातात जळका तुकडा उरतो. यानंतरचा नववा भाग दयेची याचना आहे. मला हा सगळ्यात धारदार वाटतो. बाखकडे ही याचना येशूचा शिष्य पेत्र याच्या प्रसंगाला जोडलेली आहे: मी या माणसाला ओळखत नाही, असं तीन वेळा सांगून झाल्यावर कोंबडा आरवतो, पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडतो, आणि मग अल्टोचा आवाज एका व्हायोलिनसोबत ईश्वराकडे क्षमा मागतो. म्हणजे ओळख नाकारणाऱ्याचं ते गाणं आहे. आता त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचा विचार करा. मुलीला ओळखत नाही असं त्यांनी तोंडानं म्हटलं नव्हतं. त्यांची पावलंच ते म्हणत होती. बाख ज्याला माहीत आहे त्याला ही जोड आपसूक लागते. ज्याला माहीत नाही त्यालाही तुटत तुटत येणारी अक्षरं आणि हुंदक्यासारखा अडकणारा सूर पुरेसा आहे.

अकरावा भाग थोडा वेगळा, कारण तिथे गोष्ट आणि शुभवर्तमान एकमेकांत मिसळतात. दहाव्या भागात तिसरी काडी विझल्यावर झाडावरच्या मेणबत्त्या वर जाऊन तारे होतात, त्यांतला एक निखळतो. तारा पडला की कुणीतरी मरतं, असं आजी सांगायची. यापुढे लँग मत्तयाचं वर्णन घेतो, सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत सगळ्या देशावर पसरलेल्या अंधाराचं, आणि क्रुसावरची हाक त्या मुलीच्या तोंडी घालतो. बाखच्या पॅशनमध्ये येशूच्या प्रत्येक वाक्याभोवती तंतुवाद्यांचे लांब सूर असतात; चित्रातल्या संताच्या डोक्यामागे जसं तेजोवलय असतं तसे. माझ्या देवा, तू मला का टाकलंस, या हाकेला मात्र बाख ती तंतुवाद्यं काढून घेतो. तेजोवलय विझतं आणि उरतो तो मरणारा माणूस. लँगच्या मुलीभोवती पहिल्यापासून तंतुवाद्यं नाहीतच. तिला ती हाक देताना त्याला काही काढून घ्यावं लागत नाही.

बाराव्या भागात आजी येते, सगळी जुडी पेटते, दोघी वर जातात. लगेच तेराव्यात बाखनं येशूच्या मृत्यूनंतर जो कोराल ठेवला त्याचे शब्द: माझी जायची वेळ येईल तेव्हा माझ्यापासून दूर होऊ नकोस. बाखकडे हा कोराल मृत्यूच्या वाक्याला अगदी चिकटून येतो आणि हळू, दबल्या आवाजात गायला जातो. लँगकडेही तीच जागा. पण चाल हास्लरची नाही, लँगची आहे.

आता निवेदकाचा प्रश्न. बाखसारखा एक टेनर घेऊन त्याच्याकडे गोष्ट सोपवता आली असती. लँगनं ती चौघांत वाटून दिली. यामागे हिलियरच्या वृंदाशी असलेलं नातं लक्षात घ्यावं लागतं. एस्टोनियाच्या आर्वो पेर्टनं 1982 साली ‘पासिओ’ हे योहानाच्या शुभवर्तमानावरचं पॅशन पुरं केलं. त्यात वृत्तांत सांगणारा एक माणूस नसून चार आवाजांचा चमू आहे. त्याचं ध्वनिमुद्रण हिलियरच्याच संचालनाखाली हिलियर्ड आँसांब्लनं केलं होतं आणि पेर्टवर पुस्तकही हिलियरनं लिहिलं. चार गळे मिळून शांतपणे, भावनेचं प्रदर्शन न करता एक भयंकर गोष्ट सांगू शकतात, हे या गायकीनं आधीच सिद्ध केलं होतं.

लँगच्या सम भागांत गोष्टीचं वाक्य छोट्या छोट्या, सुट्या अक्षरांत येतं. एक आवाज पुढे असतो आणि बाकीचे त्याच शब्दांवर किंचित मागून येतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाला स्वतःचा प्रतिध्वनी मिळतो. शब्द हरवत नाहीत, कारण सगळ्यांकडे तेच शब्द आहेत. फक्त वेळ सरकलेली आहे. सुरुवातीला मी वृंदात गोष्ट ऐकू येत नाही असं म्हटलं, त्याचं हे उत्तर. चौघांनी चार वाक्यं म्हटली तर गोंधळ. चौघांनी एकच वाक्य पाऊल मागेपुढे ठेवत म्हटलं तर ते दातांवर दात आपटत बोलल्यासारखं ऐकू येतं. थंडीचं वर्णन शब्दांत आहेच. इथे ती उच्चारातही उतरली आहे.

वाद्यं गायकच वाजवतात. ग्लॉकेनश्पील, उंच नळ्यांच्या ट्यूब्युलर बेल्स, क्रोटाल्स नावाच्या जाड पितळी चकत्या, बर्फावरच्या गाडीच्या घोड्याला बांधतात तसल्या घुंगरांचा जुडगा, एक मोठा ढोल आणि मोटारीच्या चाकातला ब्रेक ड्रम. ढोल सोडला तर यादीतलं बहुतेक सगळं धातूचं आहे. धातूच्या नादाला वरची चमक असते आणि अंगाला ऊब नसते. या गोष्टीला हेच हवं होतं. शिवाय गाणाऱ्यालाच वाजवायला लावल्यानं एक परिणाम प्रत्यक्ष पाहताना जाणवतो. मागे वाद्यवृंदाची भिंत नाही. चार माणसं रांगेत उभी आहेत, हातात काठी आहे, आणि तीच तुमच्याकडे बघून गोष्ट सांगत आहेत.

याच गोष्टीवर संगीत रचणारा लँग पहिला नव्हता. डेन्मार्कच्या आउगुस्ट एन्नानं 1897 साली तिची छोटी ऑपेरा केली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1997 साली, हेल्मुट लाखेनमानची ‘दास मेदखेन मिट डेन श्वेफेलह्योल्त्सर्न’ हॅम्बर्गच्या ऑपेरागृहात सादर झाली, आणि ती लँगच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. लाखेनमान गोष्ट सांगतच नाही. त्याच्या गायकांचे श्वास, जिभेचे आवाज, घासणं, कुडकुडणं, थर्मोकोल घासल्याची कुरकुर यांतून थंडी हीच मुख्य पात्र होते. मजकुरात तो लिओनार्दो दा विंची आणतो आणि गुड्रुन एन्स्लिनही. ही एन्स्लिन त्याच्या लहानपणच्या ओळखीची. 1968 साली फ्रँकफर्टमधल्या मोठ्या दुकानांना आग लावण्याच्या प्रकरणात ती दोषी ठरली आणि पुढे जर्मनीतल्या रेड आर्मी फॅक्शन या अतिरेकी संघटनेत गेली. काडी पेटवणाऱ्या मुलीकडे एका समाजानं पाठ फिरवली तर पुढची मुलगी काडीनं काय करेल, हा त्याचा प्रश्न. तो फार मोठा प्रश्न आहे आणि ती कृती मी आदरानं ऐकतो. तरी गोष्टीशी प्रामाणिक राहिला तो लँग, असं माझं मत आहे. लाखेनमानला गोष्टीतली काडी हवी होती. लँगला मुलगी हवी होती.

लँगवर दोन बाजूंनी आक्षेप घेता येतात. श्रद्धाळू ख्रिस्ती श्रोत्याला वाटू शकतं की येशूच्या जागी परीकथेतली पोर बसवणं हे धारिष्ट्य आहे. त्याला उत्तर शुभवर्तमानातच सापडतं: भुकेल्याला, उघड्याला तुम्ही जे दिलं नाही ते मलाच दिलं नाही, असं त्याच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू सांगतो, म्हणजे बाखनं घेतलेल्या अध्यायांच्या अगदी आधी. दुसरा आक्षेप जास्त अवघड. अँडरसनची ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणण्यासाठीच लिहिली आहे. तिला बाखचं वजन देणं म्हणजे भाबड्या करुणेला सोन्याचा मुलामा देणं नव्हे का? मला तसं वाटत नाही, आणि कारण वृंदाच्या जागेत आहे. भाबडी करुणा रडणाऱ्याला मोकळं करते, रडलो, संपलं. लँगचा वृंद मात्र रडतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की आपण उशिरा आलो आहोत. पहिल्या भागापासून तो मुलीला हाक मारतोय, क्षमा मागतोय, जवळ राहायला सांगतोय, आणि त्यातलं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचत नाही. गोष्टीच्या कुठल्याच सम भागात तिला काही ऐकू आल्याची खूण नाही. चौदाव्या भागात ती सकाळी मेलेली सापडते आणि पंधराव्यात वृंद तिच्यापाशी बसून रडतो, जसा बाखचा वृंद येशूच्या थडग्यापाशी बसून रडतो.

अँडरसनच्या शेवटच्या वाक्यात, तिनं काय पाहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. लँगच्या कृतीत एका जमावाला ते माहीत आहे. त्यानं शेगडी पाहिली, हंस पाहिला, आजी पाहिली, प्रत्येक काडी विझताना पाहिली. गोष्टीत नसलेला साक्षीदार त्यानं संगीतानं निर्माण केला. साहित्यकृतीवरून वृंदरचना करणाऱ्याला एवढं एक काम जमलं तर मूळ गोष्टीत भर पडते. नाहीतर चांगल्या गोष्टीवर चाल लावल्याचं समाधान तेवढं मिळतं.

रचना 25 ऑक्टोबर 2007 रोजी कार्नेगी हॉलच्या झँकेल सभागृहात पहिल्यांदा सादर झाली. 2008 साली तिला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. हिलियरच्या वृंदानं हार्मोनिया मुंडीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण 2009 साली आलं आणि 2010 साली त्याला छोट्या वृंदाच्या सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. लँगनं पुढे तिचं मोठ्या वृंदासाठीही रूप केलं, त्यामुळे आता ती हौशी गायकवृंदांच्याही आवाक्यात आली आहे. मोठ्या वृंदात ती ऐकायला भरदार लागते. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं चौघांचंच ध्वनिमुद्रण घ्यावं, कारण तिथे प्रत्येक आवाजामागचा माणूस वेगळा ओळखू येतो.

ऐकण्याआधी अँडरसनची गोष्ट वाचून घ्या. दहा मिनिटं लागतील. पॅशन पस्तीस मिनिटांच्या आसपास चालतं. पहिल्या खेपेला शब्द समोर ठेवून फक्त सम भागांकडे लक्ष द्या, गोष्ट कशी पुढे सरकते ते कळेल. दुसऱ्या खेपेला विषम भाग ऐका आणि प्रत्येक वेळी एवढंच विचारा: हे कोण बोलतंय? त्यानंतर वेळ काढून बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ लावा. अकरा वेळा विचारला जाणारा तो प्रश्न आणि त्यानंतरचा कोराल पहिल्या अर्ध्या तासातच येतो.